दाराच्या फळ्यांची नाव

सीताबर्डी

नावेचं शीड शिवून द्या म्हटलं तर सीताबर्डीतला ताडपत्रीवाला माझ्याकडे पाहतच राहिला. मंडप, ट्रकवरची झाकणं, दुकानापुढचे पडदे, सगळं तो शिवतो. शीड म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. पण व्हरायटी चौकाकडून उन्हात पायी आलेला म्हातारा ते मागतो आहे, हे त्याच्या डोक्यात बसेना.

"काका, समुद्र कोणत्या बाजूनं आला म्हणे?"

"कुहीकडून," मी म्हटलं. "तू शिवून देतो का मी दुसरीकडे जाऊ?"

शिवलं त्यानं. तिकोनी, पिवळ्या कापडाचं. पांढरं त्याच्याकडे नव्हतं आणि दुसरीकडे जाईन म्हणालो तरी जाणार कुठं होतो?

लोक काश्मीरला जातात, दुबईला जातात आणि येऊन चार पानं लिहितात. मी कुहीच्या पलीकडे जाऊन आलो. नागपूरच्या माणसाला ते पाणी माहीत नसतं, म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला आहे. जन्म सागवान रंधण्यात गेला. माझ्या हातची दारं आणि दिवाण या शहरात इतक्या घरांत आहेत की मी ते मोजणं सोडून दिलं. नाव मात्र कधी केली नव्हती. पण लाकूड ते लाकूडच, असं मी घरून निघताना सुनेला सांगितलं.

जायचं कारण माझी मोठी बहीण. तिला आम्ही बाईच म्हणतो. धरणाच्या पाण्यात तिचं गाव बुडालं तेव्हा सरकारनं सगळ्यांना वर माळावर प्लॉट दिले. शेतं गेली. बाईच्या शेताचा एक उंचवटा तेवढा पाण्याबाहेर राहिला, बेटासारखा. त्याला ते टेकाड म्हणतात. माझे भाटवे, म्हणजे बाईचे मालक, हट्टाचे. म्हणाले, तेवढं तरी मी वाहीन-पेरीन. जुनं घर मोडून आणलेली सागवानी दारं घरामागे पडली होती, त्यांच्या फळ्या काढून त्यांनी स्वतःच एक नाव ठोकली. जवानीत ते मुंबईला गोदीत हमाली करून आले होते, तिथं शिडं पाहिली होती. म्हणून डोलकाठी उभारली आणि खताच्या गोण्या शिवून शीड केलं. आमच्याकडच्या नदीत शीड कोणी लावत नाही. लोक हसले. भाटवे त्या नावेतून जाऊन टेकाडावर तूर पेरून आले.

ते वारले तेव्हा त्यांना त्याच नावेतून नेऊन टेकाडावर जाळलं. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं. त्यानंतर नाव गोठ्यात उलटी पडून राहिली. बाई पुन्हा तिकडे गेली नाही.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "विलास मले पुण्याले घेऊन चालला," म्हणाली. विलास तिचा एकुलता एक मुलगा. "घराले कुलूप लावतो म्हणते. मी काही आता परत येत नाही. जायच्या आंधी नाव नीट करून दे. एक वेळ त्यायच्या जागेवर जाऊन येतो."

"दुसऱ्याच्या डोंग्यात बसून जाय ना वं."

"त्यायचं ढिवरायसंग पटत नव्हतं. मी ढिवरायच्या डोंग्यात बसून त्यायले भेटाले जाऊ?"

ढीवर म्हणजे तिकडचे मासेमार; त्यांच्या डोंग्यात, लहान नावेत, ती बसणार नाही. आमचं घराणंच असं आहे.

कुही

नवतपा, म्हणजे मे अखेरचे आगीचे नऊ दिवस, चालू होता. बसच्या खिडकीचा लोखंडी गज हाताला चटका देत होता. नागपूर सुटलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं लागतात, या दिवसांत नुसती भेगाळलेली. कुहीच्या अलीकडे मिरचीचा ठसका सुरू झाला. शेडमध्ये बाया ओळीनं बसून वाळल्या मिरच्यांची देठं तोडत होत्या आणि आमची अख्खी बस शिंकत होती. त्या बायांपैकी एकही शिंकत नव्हती.

कुहीत चहा घेतला. पुढे सहा जणांच्या ऑटोत आम्ही अकरा जण बसलो. शीड माझ्या मांडीवर. ऑटोवाल्यानं विचारलं, "बाबा, हे काय मंडपाचं काय?"

"नावेचं आहे. नाव दुरुस्त कराले चाललो."

"मंग उशीर केला तुमी. आता पूल झाला न."

सगळी ऑटो हसली. मीही हसलो असतो, पण पूल टेकाडावर जात नाही हे त्याला कोण सांगणार.

नवं गाव

नव्या गावाला वीस वर्षं होत आली तरी त्याला नवं गावच म्हणतात. सरळ गल्ल्या, सारखे प्लॉट, आपल्या नागपुरातल्या लेआउटसारखे. झाडं कमी. दुपारी माणूस दिसत नाही. बाई दारात खाटेवर बसली होती. वाळली होती. मला पाहून उठली नाही, म्हणाली, "किती म्हातारा झाला रे तू." तिचं माझ्यापेक्षा वय जास्त, याची मी तिला आठवण करून दिली नाही.

जेवायला भात, झिंग्याची सुकी भाजी आणि माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या. तिकडे तिन्ही वेळा भातच. पोळी पाहुण्याला. "तू शहरातला, तुले पोळी लागते," असं ती म्हणाली ते मला आवडलं नाही. मी भात मागून घेतला आणि पोळ्या उरल्या. मग ते तिला आवडलं नाही.

घराच्या मागे उभं राहिलं की पाणी दिसतं. पार डोळा पोचेल तिथवर. त्यात वाळलेली झाडं उभी आहेत, फांद्यांवर काळे पाणकावळे पंख पसरून बसलेले. विजेच्या खांबांची नुसती टोकं. काठाला हिरवी जलपर्णी आणि वास. मी नाकाला रुमाल लावला तर बाई म्हणाली, "तुमच्याच नागपूरचं पाणी आहे. तुमच्या नाल्याचं. तुमी तिकडं सोडता, इथं येऊन थांबते."

गोठ्यातून नाव बाहेर काढली आणि मला हसू आलं. फळ्यांवर अजून दाराच्या खिट्ट्यांची भोकं होती, लाकडाच्या खुंट्या मारून बुजवलेली. एका फळीवर कडीचा गोल डाग. खिळे वाकडे. आणि सांधे तर असे की बोट जावं. त्यांत बाईच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबलेल्या, वरून डांबर. उन्हानं फळ्या आक्रसून चिंध्या लोंबत होत्या.

"हे काय केलं वं भाटव्यायनं?"

"चालत होती ना," बाई म्हणाली. "तू तुयं कर."

मी माझं केलं. सगळ्या चिंध्या उपटून काढल्या. फळ्यांच्या कडा रंधल्या, वाकडे खिळे काढून पितळी स्क्रू घातले, दोन फळ्या नव्या बसवल्या. दोन डब्यांचं रसायन एकत्र कालवून, त्यात सागाचा बारीक भुसा मिसळून प्रत्येक सांध ठासून भरली. ते सुकलं की दगड. मग पॉलिश पेपर. नखसुद्धा अडकणार नाही अशी नाव झाली. गोठ्याच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. मी लुंगीवर, डोक्याला ओला दुपट्टा. बाई मधूनमधून आंबील आणून द्यायची आणि नावेकडे न बघता परत जायची. चिंध्यांचा ढीग मी जाळणार होतो. सकाळी पाहिलं तर ढीग नव्हता. 

मारबते नावाचा एक ढीवर रोज येऊन गोठ्याच्या खांबाला टेकायचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणारा, मोठ्या आवाजाचा, साठीतला माणूस. भाटव्यांच्या नावेच्या सुकाणूनं कधीकाळी त्याची जाळी फाडली होती. ते भांडण भाटव्यांनी मरेपर्यंत मिटवलं नव्हतं.

"मिस्त्री, हे नाव आहे का शोकेस?"

"तुले जमते का असं?"

"मले नाई जमत. आमी उन्हाळ्यात डोंगा दगड भरून पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड पाणी पेते, फुगते, फटी आपोआप मिटतात. तुमी पण बुडवा तिले चार-आठ दिवस, मंग जे भराचं ते भरा."

"मी माह्या हातचं काम चिखलात नाई गाडत."

"नाई गाडलं तर पहिल्याच दिवशी बुडन," तो म्हणाला आणि थुंकला.

आणि चार-आठ दिवस होते कुठं? विलास शनिवारी येणार होता. मारबत्याचं ऐकायचं तर बाईला बिनभेटीचंच पुण्याला पाठवावं लागलं असतं. हे मी तेव्हा बोललो आणि आजही बोलतो.

घाट

नाव पाण्यात घातली त्या संध्याकाळी गावातली बरीच माणसं घाटावर आली. घाट म्हणजे जुन्या गावाचा रस्ताच. डांबरी रस्ता उतरत जातो आणि पाण्यात शिरतो, पुढे कुठं जातो ते दिसत नाही. दहा माणसांनी नाव उचलून आणली. पाण्यावर ठेवली. तरंगली. आत एक थेंब नाही. मी हात फिरवून तळ दाखवला. मारबत्याला कोणीतरी म्हणालं, "काय गा मारबते, बुडली का?" तो खर्रा घोटत उभा राहिला.

बाई काठावर होती. पाण्याकडे पाहून म्हणाली, "चाल."

"आता?"

"आताच. बांबूनं ढकलत नेऊ. उजेड आहे अजून. टेकाड ते काय समोर आहे."

समोर होतंच. पाठीवर झुडपं असलेली एक बसकी म्हैस असावी तसं. पण शीड अजून बांधायचं होतं, आणि वारा उलट्या अंगाचा होता. मी एवढं सागवान घासलं, सीताबर्डीतून शीड शिवून आणलं, ते काय बांबूनं ढकलत जायला? मी म्हटलं, "उद्या सकाळी वारा बरोबर येईल. शीड लावून नेतो तुले. भाटवे नेत तशी."

तिनं एकदा टेकाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

रात्रीतून वादळ आलं. दुसरा दिवस सगळा धुळीत आणि वाऱ्यात गेला. कोणाचा पत्रा उडाला, लाईन गेली ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही पाणी उसळत होतं. मी दोनदा घाटावर जाऊन आलो. नाव दोराला बांधलेली डुलत होती, खालून एक थेंबही आत आला नव्हता. वादळातल्या पावसाचं पाणी तेवढं उपसलं. मनात म्हटलं, भाटव्यांनी पाहायला पाहिजे होतं. दुपारी विलास गाडी घेऊन आला. चांगला पोरगा आहे, पण घाईचा. पुण्यात राहून सगळेच घाईचे होतात. "मामा, उद्या दुपारी निघावं लागन. मले परवा ड्युटी आहे."

"सकाळी जाऊन येऊ. तेवढा वेळ आहे," मी म्हटलं.

सकाळ छान होती. वारा अगदी पाहिजे तसा. बाईनं स्वच्छ लुगडं नेसलं होतं. हातात पिशवी, तिच्यात मेणबत्त्या, उदबत्त्या आणि वाटीभर खीर. विलासनं हात धरून तिला नावेत बसवलं, मधल्या फळीवर. मी डोलकाठी उभी करून शिडाचा दोर ओढला. पिवळं शीड वर गेलं, भरलं. काठावरच्या बाया शेजारणीला कोपर मारून दाखवत होत्या.

तेवढ्यात खालून आवाज आला. वाळला बांबू फुटतो तसा. मी म्हटलं, डोलकाठी असेल. मग दुसरा आवाज आला, आणि तळाची एक फळी माझ्या डोळ्यांदेखत वर उचलली. फळ्या धरून ठेवणाऱ्या आतल्या बरगड्या एकीनंतर एक फाटल्या. पाणी उसळून आलं नाही. शांतपणे येत राहिलं.

त्या तीन दिवसांत लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. जायला जागा नव्हती. सांधींमध्ये मी दगड भरून ठेवला होता. मग फळ्यांनी एकमेकींना रेटलं आणि आपलीच हाडं मोडली.

"उठ वं बाई," मी म्हटलं.

ती उठली नाही. पाणी घोट्यावर आलं, मग नडगीवर. घाट उथळ, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. नाव तळाच्या डांबरी रस्त्यावर जाऊन टेकली आणि थांबली. बाई पिशवी छातीशी धरून फळीवर तशीच बसलेली, वर शीड भरलेलं. नाव चालली आहे असं लांबून कोणाला वाटलं असतं.

"आई, उतर न," विलास म्हणाला.

"बसू दे थोडं."

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दाराले तू फट ठेवतोस ना रे. पावसाळ्यात फुगते म्हणून. नावेले काहून नाई ठेवली?"

 फट ठेवलेल्या नावेत पाणी शिरतं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. मी तेच म्हणालो. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

मारबते काठावर होता. तो हसला असता तर मी काहीतरी बोललो असतो. तो हसला नाही. धोतर खोचून पाण्यात आला, नावेला हात लावला आणि बाईला म्हणाला, "वैनी, माहा डोंगा रिकामा आहे. येता का?"

 बाईनं आधी विलासच्या घड्याळाकडे पाहिलं, मग टेकाडाकडे. मग पिशवी मारबत्याच्या हातात दिली आणि उठली.

"तू चाल," मला म्हणाली.

"तू जाय. मी शीड उतरवतो."

"शीड कुठी पळून नाई जात."

"जाय म्हटलं ना. ऊन होते."

तिनं पुन्हा आग्रह केला नाही. मला ओळखते ती. मी जिंदगीत दुसऱ्याच्या हत्यारानं काम केलं नाही, आणि जी नाव मी मोडली तिला टाकून मारबत्याच्या डोंग्यात बसून पलीकडे जाणं मला जमलं नसतं. कोणी याला काही म्हणो.

टेकाड

डोंगा बांबूनं ढकलत गेला. मारबते उभा, विलास पुढे, बाई मधे पाठमोरी. वाळल्या झाडांमधून जाताना दिसे, मग दिसेना. मी शीड उतरवून घडी केली. ओलं शीड किती जड होतं ते मला ठाऊक नव्हतं. काठावरची माणसं एकेक करून गेली. कोणीतरी चहा आणून दिला, कोण ते आठवत नाही.

ते परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर आले. बाई पायऱ्यांसारख्या रचलेल्या दगडांवर माझ्याजवळ येऊन बसली. पाय चिखलानं भरलेले. पिशवी रिकामी.

"लहान झालं आहे," ती म्हणाली. "पाण्यानं खाल्लं चारी अंगानं. मोहाचं झाड पडलं."

"जागा सापडली का?"

"सापडली. दगड लावले होते ना आमी. त्याच्यावर ढिवरायची जाळी वाळत घातली होती." ती थोडी हसली. "मारबते घाईघाईनं काढाले लागला. मी म्हटलं, राहू दे गा. त्यायले बी कोणीतरी भांडाले पाहिजे."

  विलास वरून गाडीचा हॉर्न वाजवत होता, एकदा, थोडा थांबून पुन्हा. बाई माझ्या खांद्यावर भार देऊन उठली. तिचा हात पाठीवर होता तोवर मी पुढे पाण्याकडेच पाहत होतो.

"पुण्याले येशील का रे?"

"येईन ना."

"खोटं नको बोलू," ती म्हणाली आणि चढ चढू लागली.

दुपारी घराला कुलूप लागलं. मी गाडीत बसून कुहीपर्यंत येऊ शकलो असतो, विलासनं म्हटलंही. पण माझी हत्यारं घाटावर होती. ती आणायला गेलो, स्क्रू जितके निघाले तितके काढले आणि संध्याकाळच्या ऑटोनं निघालो. नाव तिथंच आहे.

नागपुरात आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? कुहीची मिरची सांगतो, पाणकावळे सांगतो, पाण्यात शिरणारा रस्ता सांगतो. टेकाडाचं विचारलं तर बाईनं सांगितलं तेवढंच सांगतो. तिथं मी गेलो नाही.